चारही गोळ्या एकदम मिळाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर आता सहा महिन्यांत उपचार होऊ शकतात, याचे कौतुक व्हायलाच हवे. बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांच्या एकत्रित उपचाराला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. पूर्वी हे प्रकरण वीस-वीस महिने चाले आणि कॅनामायसिनच्या इंजेक्शनांनी अनेकांचे कान कायमचे गेले.

मुंबईच्या उपनगरात माझे औषधांचे दुकान आहे. अधूनमधून एखाद्या रुग्णाची बायको नाहीतर भाऊ चिठ्ठी घेऊन येतो. चिठ्ठीवर नुसते 'लिनेझोलिड ६००'. "सरकारी आरोग्य केंद्रात बाकीच्या मिळाल्या, हीच संपलीय म्हणाले." कुणी पदरमोड करून पाकीट नेतो, कुणी किंमत ऐकून 'पगार झाल्यावर बघू' म्हणतो.

एका गोळीने काय बिघडते, असे घरच्यांना वाटते. त्यांचा काय दोष? पण फुप्फुसात जंतू कोट्यवधी असतात आणि कुठल्याही एका औषधाला पुरून उरणारे काही त्यांत आधीपासूनच असतात. दोन-तीन औषधांना एकदम पुरून उरणारा मात्र विरळा. १९४८ च्या ब्रिटनमधील चाचणीत एकट्या स्ट्रेप्टोमायसिनने रुग्ण आधी सुधारले, पुढे बऱ्याच जणांना ते लागूच पडेना.

बेडाक्विलिनचे दुखणे आणखी वेगळे. गोळ्या बंद झाल्या की इतर औषधे काही दिवसांत शरीरातून निघून जातात, हे कित्येक महिने थोडे थोडे रेंगाळते. उपचार मध्येच तुटले, तर जंतूंसमोर ते एकटेच उरते. तेही निकामी झाले, तर पुढे द्यायचे काय?

लिनेझोलिडने तळपायांना मुंग्या येतात, रक्त कमी होते, कधी नजरही अधू होते. मग रुग्ण परस्पर तेवढीच गोळी टाळतो. रक्त आणि डोळे वेळेवर तपासले, तर डॉक्टर मात्रा कमी करून उपचार पुढे नेऊ शकतात. ही तपासणी घराजवळच्या आरोग्य केंद्रातच व्हावी. रोजंदारी बुडवून मोठ्या रुग्णालयात कोण जाणार?

मार्च २०२४ मध्ये क्षयाच्या औषधांची टंचाई झाली, तेव्हा केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगितले होते. तशी धावपळ पुन्हा नको. एखादे औषध संपत आले, तर रुग्णाच्या हाती चिठ्ठी देण्याऐवजी आरोग्य विभागाने ते त्याच दिवशी शेजारच्या केंद्रातून मागवावे.

– एक औषधविक्रेता, मुंबई