बोटीतली गादी बदलण्याआधी खालची फळी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिडाच्या बोटींबद्दल आपल्या पेपरात येतं ते बहुतेक शर्यतींचं नाहीतर मोठ्या मोहिमांचं. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा जणी ‘तारिणी’वरून जगाला फेरी मारून गोव्यात परत आल्या तेव्हा आम्ही घरात सगळ्यांनी ते वाचून काढलं होतं. पण बोटीत माणूस झोपतो कशावर, बसतो कशावर, यावर कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र, कारण आता पावसाळ्याआधी बोटी वर काढायचं काम सुरू होईल आणि दरवर्षीप्रमाणे जेट्टीवर कुजलेल्या गाद्यांचे ढीग पडतील.

होतं काय की गादीला कुबट वास यायला लागला की लोक सरळ फोमवाल्याकडे जातात, सोफ्याचा असतो तसला मऊ फोम आणतात, वर रेक्झिन चढवतात आणि दोन पावसाळ्यांत परत तोच वास. मग म्हणतात फोम खराब निघाला. अहो, फोमचा दोष नाही हो. नाळेकडच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडच्या बर्थवरची जुनी गादी उचलून खाली बघा. प्लायवूडवर झोपलेल्या माणसाच्या आकाराचा ओला डाग असतो, गादीच्या पोटाला काळे ठिपके आणि पिना मारल्या असतील तिथे गंजाचे ओघळ. अंगाचा घाम, श्वासाची वाफ गादीतून खाली उतरते आणि सपाट फळीवर अडकते, तिला जायला वाटच नाही. त्यामुळे आधी फळीला भोकं पाडा किंवा ती काढून फटी ठेवून पट्ट्या लावा आणि गादीखाली जाडसर जाळी अंथरा, मगच नव्या गादीचा विचार करा. माझ्या मते या कामाला फोमइतकाच खर्च आला तरी तो आधी करावा.

दुसरं म्हणजे मीठ. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात तो आकडा सहज ओलांडला जातो. म्हणजे खाऱ्या पाण्याने भिजलेल्या कपड्यांनी एकदा का कुणी कुशनवर बसलं की ते कुशन उन्हात कितीही वाळवा, संध्याकाळी परत ओलसर लागणारच, गोड्या पाण्याने कव्हर धुतल्याशिवाय सुटका नाही. म्हणून कव्हर काढता आलं पाहिजे, चेन प्लॅस्टिकची पाहिजे, साधी लोखंडी चेन एका सीझनमध्ये जाम होते. रेक्झिन केबिनमध्ये तरी नकोच, घाम जिरत नाही आणि पुढे तडे जातात. कापड वर पॉलिएस्टर किंवा अ‍ॅक्रिलिक, तळाला जाळीचं.

फोम घेताना दुकानदार डेन्सिटी सांगतो, ३२, ४० वगैरे, ती म्हणजे एका घनमीटरला किती किलो. जास्त डेन्सिटीचा फोम सहसा जास्त टिकतो, पण तो कडक की मऊ हे त्यावरून कळत नाही, त्यामुळे दुकानात त्यावर आडवं पडून बघायचं, कुणाला काय वाटेल याचा विचार करू नका. झोपायला चार इंच जाडी बरी, त्याहून पातळ असली तर कंबर फळीला टेकते. कॉकपिटला, म्हणजे बोटीतल्या उघड्यावर बसायच्या जागेला, मात्र हा फोम चालत नाही, तो पाणी पितो, तिथे पाणी न शिरणारा बंद पेशींचा फोम घ्या, बसायला जरा कडक लागतो पण लाट आली तरी पुसून मोकळं.

मापाचं तर विचारूच नका. जुन्या कव्हरवरून माप देऊ नका, ते ताणलेलं किंवा आटलेलं असतं. बर्थवर ब्राऊन पेपर अंथरून आकार काढा, आणि हल, म्हणजे बोटीची बाहेरची भिंत, तिरका असतो म्हणून गादीचं वरचं माप खालच्यापेक्षा मोठं येतं हे कुशनवाल्याला बोटीवर आणून दाखवा, नुसतं फोनवर सांगून त्याच्या डोक्यात बसत नाही (त्याची चूक नाही, तो चौकोनी सोफे करतो). गादी दोन तुकड्यांत करा, नाहीतर ती दारातून आत जात नाही आणि खालच्या टाकीचं झाकणही उघडत नाही.

अजून एक, आणि हे फार कळकळीने लिहितोय. साधा फोम भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतं त्यात. केबिनमध्ये दोन हातांवर गॅसची शेगडी आणि बाहेर पडायला बहुतेक एकच दार, तेव्हा आग सहज न पकडणारा फोम मागा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

राहता राहिला जुना फोम. तो जेट्टीवर टाकला की उन्हाने त्याचा भुगा होतो आणि भरतीबरोबर खाडीत जातो, तो कुजत नाही. कोरडा, बुरशी न लागलेला असेल तर फोमवाल्यांना विचारा, तुकडे दाबून नव्या गाद्या करणारे तो घेतात. बाकीच्यासाठी बोटी वर काढायच्या दिवसांत बंदर खात्याने आणि ग्रामपंचायतींनी जेट्टीवर एक गाडी उभी करावी, आठवड्यातून एकदा आली तरी पुरे, आणि ती कुठल्या वारी येणार हे तुमच्या पेपरात आधी छापून यावं एवढी विनंती.

– एक वाचक, अलिबाग