ठाण्यातला माठ

नागपूर

प्रिय शुभा,

तुझ्या माठात पाणी गार होत नाही म्हणून माठवाल्याला इतका बोल लावू नकोस गं. दोष ठाण्याच्या हवेचा आहे. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, पण हवा अशी कोरडी की ओला टॉवेल बघता बघता खडखडीत वाळतो. माठाचं सगळं त्याच्यावरच चालतं. छिद्रांतून पाझरलेलं पाणी उडून जाताना ग्रॅममागे जवळपास ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं, म्हणजे आतलं ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी उतरलं म्हण. तुमच्याकडे हवाच पाण्याने गच्च, ती आणखी किती घेणार?

तरी माठ त्या ओट्याच्या कोपऱ्यातून हलव. खिडकीपाशी, सावलीत, वारा लागेल असा तिवईवर ठेव आणि भोवती ओलं सुती फडकं गुंडाळ. फ्रिजसारखं गार होणार नाही, पण प्यावंसं वाटेल इतकं नक्की होईल. पावसाळ्यात मात्र नाद सोड. धुऊन कडक उन्हात वाळव आणि झाकण न लावता ठेवून दे, नाहीतर बुरशी धरेल.

फोटोत त्यावर ऑइलपेंटची वेलबुट्टी दिसली. रंगाखालचा भाग पाझरतच नाही, त्यामुळे पुढच्या वेळी साधा घे. घेताना बोटाने वाजवून बघ. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे.

बाहेर पांढरी भुकटी येते ती बुरशी नव्हे, बोअरच्या पाण्यातले क्षार. पाणी उडतं, ते मागे राहतात आणि हळूहळू छिद्रं बुजवतात. म्हणून तर दर उन्हाळ्याला नवा माठ आणायची पद्धत. तोवर नारळाच्या शेंडीने घासत जा. साबण अजिबात नको, तो मातीत मुरतो आणि मग पाण्याला वास मारतो. आणि वरून भर घालत राहू नकोस. दोन-तीन दिवसांनी पूर्ण रिकामा कर, आतून हात फिरव, बुळबुळीत लागला तर घासून ऊन दाखव. पाणी ओगराळ्याने काढ. तुझी पोरं पेला बुडवतात, मला माहीत आहे.

आता तुझी कालवणाची मातीची हंडी. घाईत ती थेट गॅसवर चढवू नकोस. दिवसभर पाण्यात बुडवून ठेव, पुसून सावलीत वाळव, मग तांदळाची पातळ पेज मंद आचेवर तिच्यात उकळू दे आणि तशीच निवू दे. पेजेची खळ छिद्रांत शिरून बसते, पाझर थांबतो. पुढेही आच हळूहळूच वाढवायची. रिकामी तापवायची नाही, तापलेलीत गार पाणी ओतायचं नाही आणि उतरवल्यावर ओल्या ओट्यावर टेकवायची नाही. लाकडी पाट नाहीतर जाड फडकं घे. इंडक्शनवर ती चालणारच नाही. माशांची हंडी माशांचीच ठेव, वरण दुसरीत. कितीही धुतलंस तरी वास आत राहतोच, आणि खरं सांगू, कालवणाला चव त्यानेच येते.

दह्यालाही एक छोटं गाडगं आण. माती पाणी ओढून घेते, दही सुरीने कापावं असं लागतं.

मेच्या शेवटी मी तिकडे येतेय. तोवर पेज उकळून ठेव. सुरमई नको, बांगडे आण.

तुझी,
विद्या