पोपचं नव्हे, राजाचं नाणं

संपादक महाशय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या सहलीवरचा लेख आवडीने वाचला. पण तिथल्या आर्चबिशपांच्या सोन्याच्या नाण्यांना लेखिकेने ‘पोपच्या आज्ञेने पाडलेली पदकं’ म्हटलं आहे. चाळीस वर्षं पेढीवर कसोटीचा दगड घेऊन बसलो, त्यामुळे गप्प बसवेना.

हे आर्चबिशप धर्मगुरू होते, तसेच राजेही. टाकसाळीचा हक्क त्यांना ९९६ साली सम्राट तिसऱ्या ओटोने दिला. त्यांचं सोन्याचं नाणं, डुकाट, म्हणजे रोकडा पैसा: वजन साडेतीन ग्रॅमला किंचित कमी, हजारात ९८६ भाग सोनं. आमच्या आजीच्या माळेत एक अस्सल व्हेनिसची पुतळी, म्हणजे तिथलाच डुकाट, होती. कडी काढून तोलली तर साडेतीन माशांच्या (मासा म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम) आसपास भरली, म्हणजे जवळपास तेवढीच. व्हेनिसने १२८४ पासून पाडलेलं ते नाणं बाजारात इतकं मुरलं, की आल्प्सपलीकडच्यांनीही तेच माप उचललं.

लेखात ज्याचं नाणं छापलंय तो आर्चबिशप वोल्फ डीट्रिख १५८७ साली गादीवर आला. रोममध्ये शिकलेला, कडवा कॅथलिक. पुढच्याच वर्षी त्याने शहरातल्या प्रोटेस्टंटांना फर्मावलं: कॅथलिक व्हा, नाहीतर चालते व्हा. स्वतः मात्र, कॅथलिक धर्मगुरूला लग्नाची बंदी असताना, सालोमे आल्ट नावाच्या बाईबरोबर संसार थाटून बसला. पंधरा मुलं झाली. ज्या मिराबेलच्या बागेत लेखिकेने फोटो काढले, तिथला महाल त्याने १६०६ मध्ये तिच्यासाठीच बांधला. एवढी गोष्ट लेखातून कशी सुटली, कोण जाणे!

पुढे तो घसरला तो धर्मावरून नव्हे, मिठावरून. मिठाच्या व्यापाराच्या भांडणात १६११ साली त्याने शेजारचं बेर्खटेसगाडेन घेतलं, तेव्हा बव्हेरियाचा ड्यूक माक्सिमिलियान फौज घेऊन चालून आला. हा पळाला, पकडला गेला, गादी सोडावी लागली. शेवटची वर्षं आपल्याच किल्ल्यात कैदेत काढून १६१७ मध्ये तिथेच वारला.

राहता राहिला फोटो. त्याखाली ‘नाण्यावरील चर्च’ असं छापलंय. ते चर्च नाही, खवळलेल्या समुद्रात उभा बुरूज आहे. चारी कोपऱ्यांतून वारे त्यावर फुंकर घालताहेत. भोवतीच्या लॅटिन ओळीचा अर्थ, ‘देवावर भरवसा ठेवला, मी डळमळणार नाही.’ साल १५९४. दुरुस्ती छापाल तेव्हा फोटोही सरळ करून घ्यावा. आता समुद्र वर आणि बुरूज खाली लोंबतो आहे.

आपला,
एक निवृत्त सराफ, वाई