पट्टा दिलात, आकडे बघणार कोण?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

स.न.वि.वि.

कॅन्सरची केमो संपलेल्यांनी चालावं म्हणून सांगलीतल्या एका शिबिरात पावलं मोजणारे मनगटी पट्टे वाटले. दर आठवड्याला फोन येईल, असंही सांगितलं. चार महिने झाले, फोन यायचाच आहे.

कल्पना चांगली, वादच नाही. पण सगळ्यांना उद्दिष्ट एकच, दहा हजार पावलं! हा आकडा 1965 च्या जपानी पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतला, वैद्यकशास्त्रातला नव्हे. केमोने तळपाय बधिर झालेत, आठ तास झोपूनही जिना चढवत नाही, त्यांची ही थट्टाच. पहिले सात दिवस उद्दिष्टच द्यायचं नाही, नुसता पट्टा घालायचा. सरासरी 2,000 निघाली तर पुढच्या आठवड्यात 2,200, मग 2,400. एका दमात जमेना तर दहा-दहा मिनिटं तीनदा. चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग.

पट्टा मोजतो मनगटाची हालचाल. भाकऱ्या थापल्या की पावलं वाढतात, आणि वॉकर धरून अख्खी गल्ली फिरलं तरी आकडा हलत नाही. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हातावर घट्ट पट्टा नको, हे वाटणाऱ्यांनी सांगायला नको? ॲप इंग्रजीत, ओटीपी पुण्यातल्या मुलाच्या नंबरवर. त्यात मोबाईलचा बॅटरी सेव्हर ॲप बंद पाडतो, की तुमच्या संगणकावर रुग्ण 'निष्क्रिय'. तो बिचारा आमराईत फेऱ्या मारतोय.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या 889 रुग्णांवरचा अभ्यास 2025 मध्ये आला. पाच वर्षं आजार न उलटता जगलेले व्यायामाच्या गटात 80 टक्के, नुसती पुस्तिका दिलेल्यांत 74. तिथे पाठपुराव्याला माणूस होता, तोही तीन वर्षं. आमच्याकडे माणूस तेवढा वगळला.

का, तेही कळतं. फिजिओथेरपिस्ट नेमला तर फीत कापता येत नाही. यंत्रखरेदीची फाईल पळते, पदभरतीची वर्षानुवर्षं टेबलावर. पट्टे निम्मे वाटा, पण मराठीतून फोन करणारं कुणीतरी नेमा. ते कामही फुकटात आशाताईंच्या गळ्यात मारू नका. आणि चालायचं कुठे, साहेब? फूटपाथवर मोटारसायकली, एप्रिलात आठलाच ऊन.

पुढच्या वाटपाला आम्हाला बोलावू नका. फोटोसाठी अर्धा तास उभं राहावं लागतं, तेवढ्यात आमची 2,000 पावलं होतात.

कळावे,
केमो संपवलेले काही सांगलीकर