मा. उच्च शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र : पुस्तकं बाद करण्याआधी ग्रंथपाल नेमा

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

विद्यापीठाच्या ग्रंथालयातली ‘गेल्या दहा वर्षांत एकदाही देवघेव न झालेली’ पुस्तकं बाद करावीत आणि ती जागा अभ्यासिकेसाठी मोकळी करावी, असं पत्र आपल्या विभागाकडून आलं आहे. ज्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षं नोकरी केली, तिथल्या संगणकाने अर्ध्या दिवसात यादी काढून दिली. माणूस लागला नाही हे बरंच झालं, कारण ग्रंथपालाचं पद चार वर्षं रिकामं आहे. प्रभार रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडे आहे. सज्जन गृहस्थ आहेत. आठवड्यातून दोनदा सह्या करायला येतात.

पुस्तकं बाद करायला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते. लोकांना वाटतं की ग्रंथालयवाले एकेका चिटोऱ्याला जीव लावून बसलेले असतात. मी स्वतः पोती भरभरून पुस्तकं निर्लेखनात, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी करून, काढली आहेत. ज्या संगणकप्रणाली आता कुणाच्या यंत्रावर चालत नाहीत त्यांच्या माहितीपुस्तिका, एकाच क्रमिक पुस्तकाच्या चाळीस प्रती, कसरीने आतून पार जाळी केलेले संच. ग्रंथालयाला पोट असतं आणि ते कधीतरी साफ करावं लागतं. प्रश्न एवढाच, की काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे कोण ठरवणार?

ती यादी मला एका जुन्या सहकाऱ्याने दाखवली. पहिल्या पानावरच संदर्भ विभागातले कोश होते. त्यांच्यापुढे देवघेव शून्य. शून्यच असणार! संदर्भग्रंथ घरी देतच नाहीत. त्यांच्या पाठीवर तसा शिक्का असतो. नियतकालिकांचे बांधीव खंड, प्रबंध, नकाशे, दुर्मिळ विभागातल्या पोथ्या, सगळ्यांचं हेच. माणूस येतो, मेजावर बसून वाचतो, टिपणं काढतो, निघून जातो. संगणकाला त्याचा पत्ताच नसतो. पूर्वी आम्ही संध्याकाळी मेजांवर राहिलेली पुस्तकं जागेवर लावण्याआधी त्यांचे क्रमांक एका वहीत टिपायचो, कशाला हात लागला हे कळावं म्हणून. कर्मचारी कमी झाले तशी ती वही बंद पडली.

शून्याचं दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. आमच्याकडे संगणक आला तेव्हा आधी नवी खरेदी चढवायची, जुनं सवडीने, असं ठरलं. सवड कधी झालीच नाही. मग हंगामी मुलं घेऊन कार्डांवरून घाईघाईने नोंदी करून घेतल्या. लेखकाच्या जागी प्रकाशक, विषयाच्या जागी काहीच नाही, नावात चार चुका. आता विद्यार्थी खिडकीवर नाव टाइप करतो, ‘नोंद आढळली नाही’ असं उत्तर येतं आणि तो परत जातो. पुस्तक तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटात उभं असतं. ज्या पुस्तकाचा पत्ताच चुकीचा लिहिलाय त्याला कुणी भेटायला आलं नाही, ही तक्रार पुस्तकाविरुद्ध कशी होईल? शिवाय संगणकापूर्वीची देवघेव पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर आहे. ती चिठ्ठी संगणकात कुणी चढवली नाही. काही पुस्तकांत चिठ्ठीवर चिठ्ठी डकवलेली आहे, आणि यादीत त्यांच्यापुढेही शून्यच.

महोदय, अशी चूक आपल्यापेक्षा मोठ्यांनीही केली आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाचं बॉडलियन ग्रंथालय १६०२ मध्ये सुरू झालं. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ साली छापलेला पहिला संग्रह त्यांच्याकडे छापल्या छापल्या आला, बांधून घेतला गेला, कपाटात लागला. पुढे त्याच संग्रहाची तिसरी आवृत्ती निघाली. नवी आवृत्ती हाताशी आहे, जुनी कशाला जागा अडवते, असा रास्त विचार त्यांनी केला आणि सतराव्या शतकातच जुनी प्रत ग्रंथालयाबाहेर गेली. १९०५ मध्ये एक विद्यार्थी घरातलं एक जुनं पुस्तक दाखवायला म्हणून घेऊन आला. बांधणीवरून ओळख पटली, ती हीच प्रत होती. ती परत मिळवण्यासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली आणि १९०६ मध्ये तीन हजार पौंड मोजून ग्रंथालयाने स्वतःचंच पुस्तक विकत घेतलं. मला या गोष्टीत त्या रकमेपेक्षा बांधणी ओळखणाऱ्या माणसाचं महत्त्व जास्त वाटतं. तो नसता तर विद्यार्थी पुस्तक काखेत मारून घरी गेला असता.

केवळ आकड्यावर विसंबलं की काय होतं याचा बेल्जियममधला नमुना तर दंतकथा वाटावी असा आहे. लूव्हाँ विद्यापीठाचं ग्रंथालय १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्याने जाळलं. जगभरातून देणग्या आणि पुस्तकं गोळा करून ते पुन्हा उभं राहिलं, आणि १९४० च्या मे महिन्यात पुन्हा जळलं. तरी तिसऱ्यांदा उभारलं. पुढे भाषेच्या वादात १९६८ नंतर विद्यापीठाचीच दोन विद्यापीठं झाली आणि पुस्तकांची वाटणी आली. कशी केली? विषम क्रमांकाची एकाकडे, सम क्रमांकाची दुसऱ्याकडे. हिशेब चोख, कुणावर अन्याय नाही. फक्त शेजारी शेजारी लावलेली एकाच विषयाची पुस्तकं दोन गावांना गेली. आगीतून दोनदा सावरलेल्या ग्रंथालयाला या न्यायबुद्धीपुढे मात्र हात टेकावे लागले.

आता माणसांबद्दल. आमच्याकडे एक शिपाई होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. शाळा सातवीपर्यंत. वर्गीकरणाचे क्रमांक त्यांना तोंडपाठ होते, आणि कोणत्या कपाटामागे पावसाळ्यात ओल येते, कोणत्या खंडाची पानं हात लावताच तुटतात, हेही ठाऊक होतं. लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ होतो आणि त्याआधीचा चिंध्यांचा कागद दोनशे वर्षांनीही मऊ राहतो, हे मी अभ्यासक्रमात शिकले होते. मामांना ते बोटांनी कळायचं. ‘बाई, हे म्हातारं दिसतंय पण दणकट आहे, आणि हे तरणं गेलंच,’ असं ते म्हणायचे. एकदा एक संशोधक जुन्या पर्जन्यमानाच्या नोंदवह्या शोधत आला. सूचीत काही नव्हतं. मामा उठले आणि जिन्याखालच्या पेटीतून अकरा वह्या घेऊन आले. कुठल्याशा देणगीतून आलेल्या, दाखल नोंदवहीत ‘किरकोळ’ म्हणून लिहिलेल्या. त्या मुलाचा प्रबंध त्या वह्यांवर झाला. मामा निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा भरली नाही. त्यांच्या डोक्यातली सूची कुणी उतरवूनही घेतली नाही. त्यात माझाही दोष आहे. आज ना उद्या करू म्हणत राहिले.

ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं सांभाळणारा पहारेकरी असं समजलं की पद रिकामं ठेवायला काही वाटत नाही. कुलूप आहे, कॅमेरा आहे, झालं. पण केंब्रिजच्या विद्यापीठ ग्रंथालयाचं उदाहरण घ्या. तिथे डार्विनच्या दोन छोट्या वह्या होत्या. एकीत त्याने १८३७ मध्ये सजीवांच्या वंशवृक्षाचं साधंसं रेखाटन केलेलं. २००० साली छायाचित्रणासाठी त्या बाहेर काढल्या आणि जानेवारी २००१ च्या तपासणीत जागेवर सापडल्या नाहीत. चुकून दुसरीकडे लागल्या असतील, असं समजून वर्षं गेली. मग नव्या ग्रंथपाल आल्या, त्यांनी पद्धतशीर शोध घ्यायला लावला आणि २०२० मध्ये सरळ जाहीर केलं की वह्या चोरीला गेल्या असाव्यात. मार्च २०२२ मध्ये त्या ग्रंथपालांच्या दालनाबाहेर एका गुलाबी पिशवीत कुणीतरी आणून ठेवल्या, सोबत ईस्टरच्या शुभेच्छा! वह्या कुणी नेल्या हे बाजूला ठेवू. जबाबदारी घेऊन ‘हे आपल्याकडे नाही’ असं मोठ्याने म्हणणारं कुणीतरी लागतं. आमच्याकडे शेवटची ग्रंथपडताळणी कधी झाली हे प्रभारी सरांना विचारून पाहा. मी विचारलं होतं. त्यांनी मलाच उलट विचारलं.

त्यांना मी बोल लावत नाही. दुसऱ्या विषयाचा माणूस ग्रंथालयात रमूच शकत नाही असंही नाही. मद्रास विद्यापीठाने १९२४ मध्ये ग्रंथपाल नेमला तो गणिताचा प्राध्यापक होता. रंगनाथन त्यांचं नाव. सुरुवातीला ते इतके कंटाळले की परत शिकवायला जातो म्हणाले. पण विद्यापीठाने त्यांना पूर्णवेळ पद दिलं होतं आणि शिकायला लंडनला पाठवलं. आल्यावर त्यांनी वर्गीकरणाची स्वतःची पद्धत उभी केली आणि १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला तिसरा नियम आहे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. दर १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, त्यांच्या नावाने आम्हाला शुभेच्छापत्रं येतात, आपल्या कार्यालयाकडूनही येतात. आमच्या रसायनशास्त्राच्या सरांना मात्र कुणी लंडनला पाठवलेलं नाही, साधं आठ दिवसांचं प्रशिक्षणही नाही.

‘सगळं आता ऑनलाइन मिळतं’ हे वाक्य आपल्या विभागाच्या पत्रात दोनदा आहे. मिळतं, आणि चांगलं मिळतं. दूरच्या मुलांना त्याचा फार उपयोग आहे. पण बऱ्याच ऑनलाइन नियतकालिकांची आपण वर्गणी भरतो, म्हणजे भाडं भरतो. करारात जुन्या अंकांची सोय करून घेतली नसेल, तर वर्गणी थांबली की आधीचे अंकही डोळ्यांआड होतात. तो करार वाचणारा माणूसही ग्रंथपालच असतो. आणि आमच्या यादीतली निम्मी पुस्तकं कुठेही ऑनलाइन नाहीत, कारण स्कॅन करायला आधी ती कुणाला तरी सापडावी लागतात.

अभ्यासिका हवी आहे, यात शंका नाही. रात्री जिन्यावर बसून अभ्यास करणारी मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांना खुर्ची मिळायलाच हवी. पण पुस्तकांशी त्यांचं भांडण लावू नका. तळमजल्यावर मोडक्या खुर्च्या, जुने पंखे आणि निवडणुकीच्या वेळी ठेवलेल्या, कुणी परत न नेलेल्या पेट्या यांनी भरलेली दोन दालनं आहेत. ती यादीत आलेली नाहीत. त्यांना दाखल क्रमांक नाही ना!

माझी विनंती इतकीच आहे. निर्लेखनाला एक वर्षाची स्थगिती द्यावी. त्या वर्षात ग्रंथपालाचं पद आणि निदान दोन सहायकांची पदं कायमस्वरूपी भरावीत. अकरा महिन्यांच्या कराराची नकोत. तो माणूस कपाटं ओळखायला लागेतो त्याचा करार संपतो. मग त्यांनी संबंधित विभागांच्या प्राध्यापकांना सोबत घेऊन, प्रत्येक पुस्तक हातात धरून, शेवटचं पान उघडून ठरवावं. ते जे बाद म्हणतील ते बाद. मी शब्द काढणार नाही.

शक्य झालं तर आपण स्वतः एकदा या. स्वागत, हार, फलक काही नको. तिसऱ्या मजल्यावर डावीकडच्या सातव्या कपाटापासून यादी सुरू होते. मी आणि माझा सहकारी दोघं तिथे असू. धूळ फार आहे, रुमाल आणावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त सहायक ग्रंथपाल