सुन्या, पोरीचा नंबर खाली का गेला ते सांगतो

प्रिय सुन्या,

भो, फोनवर तू सारखं एकच विचारत होता, की पायलट पोरीची विमान कंपनी बुडाली तरी दुसरीने घेतली ना, नोकरी टिकली, पगारही तोच, मग पोरगी नव्या सीनियॉरिटी लिस्टवरचा नंबर पाहून जेवत का नाही. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नाही म्हणून लिहायला बसलो, लांबेल, पण पूर्ण वाच आणि वाचून झालं की पोरीलाही पाठव.

तुला माहितीय, माझी अख्खी नोकरी भुसावळला रेल्वेच्या डीआरएम ऑफिसात पर्सोनेल ब्रँचला गेली, सीनियॉरिटी लिस्टा, म्हणजे कोण कोणाला सीनियर त्याच्या याद्या, काढणं हेच काम. लिस्ट बोर्डावर लागली ना, की रात्रभर मालगाडी चालवून आलेला ड्रायव्हर घरी जायच्या आधी तिथे येतो, डबा हातातच असतो, बोट वरून खाली सरकवत आणतो, स्वतःच्या नावावर थांबतो आणि लगेच वरची दोन-तीन नावं वाचतो, की हा माझ्या वर कसा? खालची नावं कोणी वाचत नाही. म्हणून तिचं रडणं मला उगाच वाटत नाही.

पायलटचं तर आमच्यापेक्षा कडक. अमेरिकेतल्या मोठ्या एअरलाईन्समध्ये त्या एका नंबरावर सगळं ठरतं, कोणतं विमान मिळणार, डावीकडच्या सीटवर म्हणजे कॅप्टन म्हणून कधी बसणार, पोस्टिंग कोणत्या शहरात, सणाला सुट्टी मिळेल का, आणि मंदी आली की घरी कोणाला पाठवायचं, तर खालून मोजत यायचं. मोठ्या विमानाला पगार जास्त, कॅप्टनला अजून जास्त, म्हणजे आजचा पगार तोच दिसला तरी पुढच्या वीस वर्षांचा पगार त्या नंबरात बसलेला असतो. आणि कंपनी बदलली तर नंबर सोबत येत नाही, केस पांढरे झालेला कॅप्टन असला तरी दुसरीकडे शेवटून सुरुवात. म्हणून कंपनी बुडायला लागली की पायलटला पळायलाही जागा नसते.

आता टीडब्ल्यूएचं ऐक. अमेरिकेतली जुनी, नावाजलेली एअरलाईन, सेंट लुईसला मोठं ठाणं. जानेवारी 2001 मध्ये ती तिसऱ्यांदा दिवाळखोरीत गेली आणि अमेरिकन एअरलाईन्सने तिला विकत घेतलं. टीडब्ल्यूएच्या पायलटांच्या करारात एक कलम होतं, की विलीनीकरण झालंच तर सीनियॉरिटीचा वाद तिऱ्हाईत पंचाकडे जाईल. ते कलम सोडा म्हणून त्यांच्यावर दबाव आला, नाही सोडलं तर दिवाळखोरीच्या कोर्टातून अख्खा करारच रद्द होईल ही भीती डोक्यावर, मग काय करतील, सोडलं त्यांनी. नंतर जी लिस्ट बनली तिच्यात त्यांच्या अर्ध्याहून जास्त पायलटांना अमेरिकनच्या शेवटच्या माणसाच्याही खाली चिकटवलं. त्याच वर्षी 11 सप्टेंबर झालं, प्रवासी आटले, लोक कमी करायची वेळ आली आणि कमी करणं खालून सुरू होतं. दहा-दहा वर्षं सर्व्हिस झालेली माणसं घरी बसली. पुढे त्यांनी आपल्याच जुन्या युनियनवर, आल्पावर, केस टाकली, 2011 ला ज्युरीने मान्य केलं की युनियनने यांची बाजू प्रामाणिकपणे धरली नाही, आणि 2014 ला 5 कोटी 30 लाख डॉलरवर तडजोड झाली. पैसे आले, पण गेलेला नंबर पैशाने येतो का रे?

आमच्या रेल्वेत एक नियम आहे, माझ्या हाताखालून हजारो वेळा गेलेला. माणूस स्वतःच्या अर्जावर बदली घेऊन आला तर त्याला नव्या जागी बॉटम सीनियॉरिटी, सगळ्यात शेवटी. पण प्रशासनाने आपल्या कामासाठी पाठवला तर त्याची सीनियॉरिटी कायम राहते. किती साधा न्याय आहे बघ. टीडब्ल्यूएचा पायलट अमेरिकनच्या दारात अर्ज घेऊन गेला नव्हता, त्याचा मालक बदलला होता. कंपनीचे हिशोब चुकले ते वरच्या लोकांचे, कॉकपिटमधल्या माणसाने त्या दिवशीही विमान नीटच उतरवलं होतं. त्याला बॉटम देणं मला अजिबात पटत नाही, आणि तुझ्या पोरीच्या बाबतीतही मी हेच म्हणतो.

तिकडे यावरून कायदा झाला हे चांगलं झालं. टीडब्ल्यूएचं ठाणं मिझुरी राज्यातलं, तिथल्या दोन सिनेटरांनी, क्लेअर मॅकॅस्किल आणि किट बाँड, डिसेंबर 2007 मध्ये तरतूद करून घेतली, की एअरलाईन्स एकत्र झाल्या तर सीनियॉरिटी न्याय्य पद्धतीने जुळवायची आणि जमलं नाही तर पंचाकडे जायचं. खास यासाठी असा कायदा आपल्याकडे नाही.

आता तू म्हणशील मग सोपं आहे, ज्याची जॉईनिंग डेट आधी तो वर. इथेच खरा पेच आहे भो. यूएस एअरवेज ही तिकडचीच एअरलाईन 2002 ला दिवाळखोरीत गेली, 2004 ला परत गेली आणि त्यातूनच सप्टेंबर 2005 मध्ये अमेरिका वेस्ट या दुसऱ्या एअरलाईनबरोबर एकत्र झाली. यूएस एअरवेजवाल्यांना ईस्ट म्हणायचे, ते जुने, वयाने मोठे, पण त्यांचे कितीतरी पायलट आधीच कामावरून कमी केलेले. वेस्टवाले तरुण, पण सगळे उडत होते. ईस्ट म्हणे जॉईनिंग डेट धरा. वेस्ट म्हणे आम्ही आलो नसतो तर तुमची कंपनी राहिली असती का? दोघांचंही खरं होतं. पंच होते जॉर्ज निकोलाऊ, त्यांनी मे 2007 मध्ये निवाडा दिला: वरती ईस्टचे 517 ज्येष्ठ, मग दोन्हीकडचे कामावर असलेले मिसळून, आणि घरी बसलेले शेवटी. त्यात ईस्टचा सतरा वर्षांचा माणूस वेस्टच्या नुकत्याच लागलेल्या पोराच्या आसपास येऊन पडला.

ईस्टवाले पेटले. त्यांची संख्या वेस्टच्या दुपटीहून जास्त, त्यांनी मतदानाने जुनी युनियन काढून 2008 मध्ये स्वतःची नवीन आणली, तिचा झेंडाच जॉईनिंग डेटचा. वेस्टवाले कोर्टात गेले, 2009 ला फिनिक्सच्या ज्युरीने त्यांच्या बाजूने कौल दिला, 2010 ला वरच्या कोर्टाने सांगितलं अजून निकालाची वेळच आली नाही. विमानांवर नाव एक, पायलट मात्र दोन वेगवेगळ्या करारांवर, आणि एक लिस्ट नाही म्हणून एक करार नाही, म्हणून ईस्टवाले दिवाळखोरीच्या काळातल्या कापलेल्या पगारावरच वर्षानुवर्षं उडत राहिले. 15 जानेवारी 2009 ला ज्या कॅप्टन सलेनबर्गरनी 155 माणसांसकट विमान हडसन नदीत उतरवलं आणि सगळी वाचली, ते ईस्टचेच. रेडिओवर त्यांचं विमान कॅक्टस 1549, आणि कॅक्टस हे वेस्टकडून आलेलं नाव. पुढच्याच महिन्यात त्यांनी अमेरिकेच्या संसदेपुढे सांगितलं की माझा पगार 40 टक्के कापला गेला आणि पेन्शनही गेलं. हे वाचलं तेव्हा मला फार लागलं. शेवटी 2011 ला अमेरिकन एअरलाईन्सच दिवाळखोरीत गेली, डिसेंबर 2013 ला यूएस एअरवेज तिच्यात आली आणि सगळ्यांची मिळून लिस्ट लागली सप्टेंबर 2016 ला. अकरा वर्षं!

माझं मत विचारशील तर निकोलाऊंची लिस्ट मी तशी काढली नसती, सतरा वर्षं इतकी हलकी नसतात. पण पंच दोघांनी आधी मान्य केला होता. एकदा मान्य केला की निवाडा कडू लागला म्हणून बहुमताच्या जोरावर उलटवायचा, हे मी माझ्या ऑफिसात कधी चालू दिलं नसतं. डेल्टा आणि नॉर्थवेस्ट बघ ना, दोन्ही 2005 मध्ये एकाच दिवशी दिवाळखोरीत गेलेल्या, 2008 ला एकत्र झाल्या, पायलटांचा करार आधीच ठरवला, डिसेंबरमध्ये पंचांनी लिस्ट दिली, कुरकुर झाली असेल पण कामाला लागले.

आपल्याकडे एअर इंडिया आणि इंडियन एअरलाईन्स 2007 ला एक झाल्या तेव्हा पगार वेगळे, प्रमोशनचा वेग वेगळा, आणि ते जुळवायला न्यायमूर्ती धर्माधिकारींची कमिटी बसायला 2011 उजाडलं. 2012 मध्ये नव्या ड्रीमलायनरचं ट्रेनिंग कोणाच्या पायलटांना द्यायचं यावरून एअर इंडियाच्या पायलटांचा संप 58 दिवस चालला. आणि जेट, गो फर्स्टचं काय झालं तुला माहितीच आहे, दोघींचाही शेवट लिक्विडेशनमध्ये, तिथे लिस्टच उरली नाही. पोरीची कंपनी निदान कोणीतरी घेतली, म्हणून भांडायला लिस्ट तरी आहे.

तर आता कामाचं. तिला विचार की नव्या लिस्टमध्ये तिची कोणती तारीख धरलीय, जॉईनिंगची, ट्रेनिंग संपवून लाईनवर म्हणजे प्रवासी विमानावर सोडली ती, का विलीनीकरणाची. विलीनीकरणाची धरली असेल तर ते बॉटमच झालं, तोंडाने काहीही सांगोत. लिस्ट कोणत्या सूत्राने काढली ते लेखी मागायचं, आणि हरकत घ्यायला मुदत दिलीय का ते आजच्या आज बघायचं, आमच्याकडे मुदत गेली की भले भले हात चोळत बसलेले मी पाहिलेत. अपॉइंटमेंट लेटर, ट्रेनिंगचे कागद, जुन्या कंपनीची शेवटची लिस्ट, सगळ्याच्या कॉप्या काढून ठेवायच्या. एकटीने अर्ज देऊ नको म्हणावं, बॅचच्या सगळ्यांनी मिळून द्या, आणि नव्या कंपनीतल्या पोरांशी वैर धरू नको, त्यांनी काही तिचं घेतलेलं नाही.

रविवारी सकाळच्या बसने मी सावद्याला येतो. कागद काढून ठेव, हरकतीचा मसुदा मी बसून लिहून देतो, तिला त्या वेळी व्हिडिओ कॉलवर बसायला सांग. वहिनींना नमस्कार.

तुझा,
रम्या