पेनेबेलच्या पेकासेहांना अनावृत आभारपत्र

ओम स्वस्त्यस्तु, पाक पेकासेह.

तुमच्या सुबकच्या बैठकीत तुम्ही आम्हाला बसू दिलंत, बंधाऱ्यापासून शेवटच्या खाचरापर्यंत पाटाच्या कडेने नेलंत आणि अवीग-अवीगची, म्हणजे तुमच्या लेखी नियमांची, वही समोर उघडून ठेवलीत. त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत, कारण तुम्ही सांगितलेलं महाराष्ट्रातल्या पाणी वापर संस्थांच्या थेट कामाचं आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. बालीतल्या ताबानान जिल्ह्यात, बातुकारू डोंगराच्या उतारावर पेनेबेल तालुका आहे. जातीलुविहची भातखाचरं तिथलीच. २०१२ साली युनेस्कोने ज्या सुबक भूदृश्याला जागतिक वारसा म्हटलं, त्यात ती येतात. सुबक म्हणजे एका पाटावर भिजणाऱ्या खाचरांची संघटना. तिची हद्द पाणी ठरवतं, गावाची शीव नाही. खाचर ज्या पाटावर, कसणारा त्या सुबकचा सभासद, घर कुठेही असो. पेकासेह हा तिचा निवडलेला प्रमुख.

सगळ्यात आधी तेम्बुकूबद्दल. पाटात आडवा टाकलेला लाकडी ओंडका, आता बऱ्याच ठिकाणी सिमेंटचा, त्याला वरून चौकोनी खाचा. ज्याचं क्षेत्र जास्त त्याची खाच रुंद. पाणी मोजायला मीटर नाही, तरी वाटणी चोख होते, कारण ओंडक्यावरून पाण्याची जाडी सगळीकडे सारखी असते आणि रुंदीच्या प्रमाणात वाटा पडतो. मात्र ते कधी बिघडतं, हे तुम्ही गुडघाभर पाण्यात उभं राहून दाखवलंत. सगळ्या खाचांचा तळ एका पातळीत हवा. एक तळ दोन बोटं जरी खाली गेला तरी तो वाटेकरी सगळ्यांचं पाणी ओढतो. ओंडक्याच्या वरच्या अंगाला पाट काही अंतर सरळ आणि संथ हवा, नाहीतर वळणाच्या बाहेरच्या बाजूची खाच जास्त घेते. खालची चारी गाळाने भरली की पाणी तुंबून खाचेवर मागे येतं, आणि तक्रार मात्र ओंडक्याची होते. म्हणून तुमच्याकडे वाटणीचं भांडण आलं की आधी चारीत फावडं घालतात, मगच मोजमाप. हा क्रम आम्हाला फार शहाणपणाचा वाटतो. पाणी अगदी कमी झालं की मात्र तुम्ही खाचा बाजूला ठेवून पाळी लावता. बारीक धारा दहा ठिकाणी वाटल्या तर निम्मं पाणी चारीतच जिरतं.

पण आमचे खरे आभार आहेत ते पाणी आणि कीड यांचा एकत्र हिशेब उलगडून दाखवल्याबद्दल. तपकिरी तुडतुडा भातावरच जगतो आणि त्याची एक पिढी साधारण महिन्यात पुरी होते. टुंग्रो हा विषाणू हिरव्या तुडतुड्यामार्फत पसरतो, पण तुडतुड्याच्या अंगात तो काही दिवसच टिकतो आणि अंड्यांतून पुढच्या पिढीत जात नाही. म्हणजे शिवारात काही आठवडे हिरवं भात अजिबात नसेल तर दोघांचीही साखळी तुटते. एकट्याने शेत रिकामं ठेवून काही साधत नाही. शेजारच्या खाचरातून कीड उडून येते. कापणीनंतर धसकटं उभी राहिली तर त्यांना फुटवे येतात आणि विषाणू त्यांत तग धरतो, म्हणून ती लगेच नांगरून चिखलात गाडायची, हा तुमच्याकडचा नियम दंडासकट आहे.

अडचण अशी, की सगळ्यांनी एकाच दिवशी चिखलणी काढली तर पाणी पुरत नाही. भाताला सगळ्यात मोठा घोट लागतो तो जमीन भिजवून चिखल करताना. म्हणून वरचा, मधला आणि खालचा असे गट, आणि त्यांच्यात ठरावीक अंतर. अंतर फार कमी केलं तर पाटात ओढाताण, फार वाढवलं तर खालच्या गटाचं कोवळं भात वरच्या गटाच्या किडीला आयतं मिळतं. स्टीफन लॅन्सिंग आणि जेम्स क्रेमर या संशोधकांनी ओस आणि पेतानू नद्यांवरच्या १७२ सुबकांचं गणित संगणकावर मांडलं, त्यातही हाच तोल दिसला. तुम्ही तो कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने तीन रेघा मारून समजावलात.

तो मोडला की काय होतं, हे बालीने १९७० च्या दशकात पाहिलं. भाताचं उत्पादन वाढवण्यासाठीच्या बिमास या सरकारी योजनेत नवी वाणं, खतं आणि कीटकनाशकं कर्जासह आली आणि जमेल तितक्या वेळा भात घ्या असा आग्रह झाला. पाळ्या विस्कटल्या, टुंग्रो आणि तुडतुडे शिवारभर पसरले. फवारणीने तुडतुडे खाणारे कोळीही मेले, त्यामुळे कीड उलट वाढली. १९८६ साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी आली. देश तांदळात स्वयंपूर्ण होऊन तेव्हा जेमतेम २ वर्षं झाली होती.

भाताची कोवळी रोपं खाणाऱ्या सोनेरी गोगलगायीवरचे उपायही लिहून घेतले आहेत: लावणीनंतर पहिले दोन आठवडे पाणी अगदी उथळ, पाणी येण्याच्या तोंडाला जाळी, खाचरात बारीक चर काढून त्यात पपईची पानं, आणि सकाळी तिथे जमलेल्या गोगलगायी वेचायच्या. गुलाबी अंड्यांचे घोस पाण्यात ढकलले की मरतात. कापणीनंतर बदकं सोडायची, उरलेलं तीच बघतात.

आता पुढचं काय, हे आम्ही विचारलं तेव्हा तुम्ही हिशेबच मांडलात. तो जसाच्या तसा देतो, कारण शेतीचं कौतुक करणारे हा भाग गाळतात. तुमच्याकडे जमीन 'आर'मध्ये मोजतात, आमच्या सातबाऱ्यावरही तोच आर, म्हणजे जवळपास गुंठा. खाचर ३० आर, हेक्टरी साडेपाच टन ओली साळ धरली तर १,६५० किलो. २०२५ पासून सरकारी खरेदी दर किलोला ६,५०० रुपिया (इंडोनेशियाचं चलन), म्हणजे १ कोटी ७ लाख रुपिया. कसणारा अर्धेलीने असेल, तर त्याच्या हाती ५३ लाखांच्या आसपास, तेही चार महिन्यांनी, आणि त्यातून त्याच्या वाट्याचा खर्च वजा. शेजारच्या बाडुंग जिल्ह्यात, जिथे हॉटेलं आहेत, २०२५ चं किमान वेतन महिन्याला सुमारे ३५ लाख रुपिया होतं. मुलं कुणाकडे बघून शेतात राहतील? साळ उभ्या पिकावरच व्यापाऱ्याला विकण्याची पद्धतही इथूनच आली: घरात कापायला माणूस नाही. पाऊस येऊन पीक लोळलं की व्यापारी ठरलेला भाव पाडतो, आणि कापणीची टोळी त्याचीच असल्याने बोलायला जागा राहत नाही.

पारंपरिक लाल तांदूळ जास्त भावाने जातो. पण त्याला पाच-सहा महिने लागतात, आणि उंच वाढत असल्याने युरिया थोडा जरी जास्त झाला तरी लोळतो. पर्यटनाच्या तिकिटातला वाटा सुबकला मिळतो, तो पाट दुरुस्तीला आणि देवळाच्या उत्सवाला लागतो. आमचं स्पष्ट मत आहे की तो वाटा खाचर प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या हातात क्षेत्राच्या प्रमाणात पडला पाहिजे. ज्या बांधांचे फोटो काढायला जग येतं, ते बांध दर हंगामाला तोच लिंपतो. वरच्या एका खाचरावर कॉफीशॉप उभं राहिलं तर जातं ते फक्त ३० आर भात नाही. तिथून खाली जाणारी चारी बुजते आणि तेम्बुकूवरचा एक वाटेकरी श्रमदानातून कमी होतो.

तुम्ही आमच्या धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीबद्दल विचारलं होतं. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली, एका फडात एकच पीक, दरवर्षी फेरपालट, आणि पाणी पाटकऱ्यानेच द्यायचं. विहिरी वाढल्या, उसाचा ओढा वाढला, तशी बऱ्याच गावांत ती सैल पडली. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणी वापर संस्थांना अधिकार दिले, पण पीक कधी लावायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवण्याची सवय कायद्याने येत नाही. त्यासाठी तुमची पद्धत आम्ही पुढच्या रब्बीच्या बैठकीत मांडणार आहोत: आधी शिवार किती दिवस रिकामं ठेवायचं ते ठरवायचं, मग पाळीपत्रक करायचं. आजवर आपल्याकडे उलटं होतं.

फडाच्या जुन्या पाळीपत्रकाची नक्कल आणि त्याचा इंडोनेशियन तर्जुमा सोबत जोडला आहे. त्यात 'तोंड' असं जिथे लिहिलं आहे, तिथे तुमच्या तेम्बुकूची खाच समजावी. काही अडलं तर जरूर विचारा. तुमच्या पेतेंगेनांना, म्हणजे सुबकच्या खजिनदारांना, ज्यांनी हिशेबाची वही शांतपणे दोनदा समजावली, आमचा नमस्कार सांगा.

आपले कृतज्ञ,
पांझरा खोऱ्यातले पाणी वापर संस्थांचे कार्यकर्ते